सातव्या खोलीचा केर

आमच्या रत्नाक्काला कुणी हट्टी म्हटलं की मला राग येतो, कारण तसं म्हणायचा हक्क फक्त माझा आहे. नात्यानं ती माझी वहिनी, चुलतभाऊ येसाजीची बायको. पण वहिनी हा शब्द आमच्या घरात चार पिढ्यांपूर्वीच कुठंतरी सांडला. साडेतीनशे वर्षं कन्नड मुलखात काढल्यावर मराठी घरातसुद्धा अण्णा आणि अक्काच उरतात. मी विमला, वय साठ, सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त, मुक्काम जे. पी. नगर, बंगळूर. लोकांच्या चुका काढण्याचा मला बत्तीस वर्षांचा अनुभव आहे, हे आधीच सांगून ठेवते.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी माझ्या भाचीचा फोन आला. सौम्या म्हणजे माझ्या भावाची, त्रिविक्रमची मुलगी.

"अत्ते, रविवारी तू इकडे ये. अक्काशी बोलायचंय, आणि ते माझ्याच्यानं होत नाही."

इकडे म्हणजे आमच्या मळ्यावर. बनशंकरीच्या देवळापासून दक्षिणेला तासभर गेलं की रस्त्याच्या उजव्या हाताला नारळाची रांग लागते, तिथून आत. बसकं कौलारू घर, आणि त्याला काटकोनात सात खोल्यांची ओळ. या सात खोल्या माणसांसाठी बांधलेल्याच नव्हत्या. त्या रेशमाच्या किड्यांच्या. माझ्या लहानपणी तिथं छतापर्यंत बांबूच्या तट्ट्या रचलेल्या असायच्या, आणि शेवटच्या आठवड्यात किडे तुतीचा पाला खायला लागले की भर उन्हात पाऊस पडल्यासारखा आवाज यायचा. आम्हा पोरांना आत जायची बंदी होती. हात धुऊन, पाय धुऊन, तोंडातली सुपारी थुंकून मगच मोठ्यांना प्रवेश. अक्का लग्न होऊन आली ती एकोणिसाव्या वर्षी, आणि दुसऱ्याच दिवसापासून तिच्या हातात त्या खोल्या आल्या. येसाजी पाला कापून आणायचा, ती तो बारीक चिरून किड्यांना घालायची. एखादी खोली आजारी पडली तर किडे तासात काळे पडायचे, म्हणून स्वच्छतेच्या बाबतीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढं तिच्यावर जो आरोप आला तो अस्वच्छतेचा होता.

रेशमाचे दिवस गेले. येसाजीही गेला, त्याला बारा वर्षं झाली. तिचा मुलगा गिरीराज महादेवपुऱ्यात संगणकाच्या कामाला लागला आणि चौदाव्या मजल्यावर राहायला गेला. सात खोल्यांना कुलुपं लागली. मग सौम्या जर्मनीहून मातीची घरं बांधायचं शास्त्र शिकून आली आणि म्हणाली, इथं आपण शिबिरं घेऊ. त्रिविक्रम हसला होता. चिखल तुडवायला कोण एवढ्या लांब येणार, म्हणाला. आले की लोक! गेली सहा वर्षं येतायत. सात दिवसांचा अभ्यासक्रम, सात खोल्या, सात पाहुणे. चिखल तुडवतात, विटा पाडतात, भिंतीला गिलावा करतात, हाताला फोड आले की त्याचे फोटो काढतात, आणि पुढच्या रविवारी सकाळी काळेभोर होऊन आनंदात घरी जातात.

त्या पाहुण्यांचं सगळं अक्का बघते. पहाटे साडेचारला तिची न्हाणीतली चूल पेटते. तांब्याचा मोठा हंडा, खाली नारळाच्या झावळ्या आणि सुकलेल्या तुतीची लाकडं. पाण्याला धुराचा वास आला पाहिजे, नाहीतर ती अंघोळ नव्हे, असं तिचं मत. सहापर्यंत अंगणात सडा. मग ती काठी घेऊन खोल्यांच्या बाहेरच्या चटया बडवते, कारण चटईखाली विंचू बसतात आणि शहरातल्या माणसाला विंचू हा फक्त राशीत असतो असं वाटतं. चादरी रिठ्याच्या पाण्यात उकळायच्या, गाद्या उन्हात टाकायच्या, संडासाशेजारच्या डब्यात चाळलेली राख भरून ठेवायची. माठ घासायचे. खोल्यांच्या मातीच्या जमिनी आठवड्यातून एकदा शेणानं सारवायच्या, आणि त्या अशा की अंगठ्याची रेघसुद्धा सरळ यावी. दुपारी नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडीचे गोळे, आणि पालेभाजीचं पातळ बस्सारू. मुद्दा चावायचा नसतो, गिळायचा असतो, हे ती प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी स्वतः गिळून दाखवते. चौसष्ट वर्षांची बाई हे सगळं एकटी करते, आणि कुणी मदतीला आलं की म्हणते, "स्वल्प बाजूला हो, तू मधे येतेस."

आता हट्ट काय तो सांगते.

आपल्या घरातलं माणूस प्रवासाला निघालं की त्याच्या पाठीवर केर काढत नाहीत, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. सगळे अर्धा तास थांबतात, आणि मग हळूच केरसुणी घेतात. अक्का अर्धा तास थांबत नाही. माणूस त्याच्या घरी पोचेपर्यंत थांबते. आणि पाहुणा, नातेवाईक, ओळखीचा, अनोळखी, असा भेद तिच्याकडे नाही. जो या घरात झोपला, तो इथून गेला. मग तो त्याच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवीपर्यंत त्याची खोली झाडायची नाही. निघताना प्रत्येकाला ती बटणांच्या मोबाईलचा नंबर देते आणि तिच्या तिन्ही भाषांच्या मिसळीत बजावते, "पोचल्यावर फोन करायचा. तोवर तुझी खोली तशीच राहील. आता बघ बाबा."

गंमत अशी की ते फोन करतात. मोठमोठ्या कंपन्यांतली माणसं, आईला फोन करायला विसरणारी, अक्काला फोन करतात. कारण आपल्यामुळे एक म्हातारी केरसुणी घेऊन बसली आहे, ही गोष्ट डोक्यातून जात नाही. काही लबाड टॅक्सीतूनच सांगतात, पोचलो. अक्का विचारते, "चप्पल काढली काय?" त्यावर जो अडखळला तो रस्त्यात आहे हे तिला कळतं.

इतके दिवस हे खपून गेलं, कारण एक तुकडी रविवारी जायची आणि दुसरी त्याच्या पुढच्या रविवारी यायची. गेल्या वर्षीपासून गर्दी वाढली. सौम्यानं वेळापत्रक आवळलं. जुने रविवारी सकाळी नऊला जाणार, नवे त्याच दिवशी चारला येणार. तिथं भांड्याला भांडं लागलं. जानेवारीत एक पाहुणा चेन्नईला बसनं गेला आणि संध्याकाळपर्यंत पोचला नाही. त्याच्या खोलीत नवी बाई आली तेव्हा कोपऱ्यात शेंगांची टरफलं, उशीवर केस. बाईनं इंटरनेटवर सगळं फोटोसकट लिहून टाकलं. सौम्या दोन दिवस जेवली नाही. पुढच्या दोन तुकड्यांतली चार नावं गळली.

"अत्ते, मी एका एजन्सीशी बोललेय," ती मला फोनवर म्हणाली. "सोमवारपासून त्यांच्या दोन बायका येतील, खोल्या त्या बघतील. अक्कानं फक्त आरामात राहावं. पण हे तिला कसं सांगू?"

"तू सांगितलंस का काही?"

"इतकंच म्हटलं की या रविवारी तीनपर्यंत सातही खोल्या झाल्या तर एजन्सी नको. ती काही बोलली नाही."

अक्का काही बोलत नाही म्हणजे काय, हे मला माहीत होतं. आरामात राहा म्हणणं सोपं आहे. काम नसलेल्या घरात ती एक दिवस राहणार नाही, आणि मग उरतो गिरीराजचा चौदावा मजला. तिथं ती येसाजी गेल्यावर अठरा दिवस राहून आली होती. मुलगा-सून चांगली आहेत, खोटं कशाला बोलू. पण अठराव्या दिवशी दोन बस बदलून ती एकटी मळ्यावर परतली, आणि का आलीस म्हटल्यावर एवढंच म्हणाली, "तिथं सकाळी उठून काय करायचं ते कुणी सांगितलं नाही."

रविवारी आठला मी मळ्यावर पोचले तेव्हा पाहुणे निघायच्या तयारीत होते. त्या आठवड्यात नशीब बरं होतं. सातांतले सहा जण महादेवपुऱ्यातल्या एकाच कंपनीतले, म्हणजे दीड-दोन तासांत घरी. सातवा राजस नावाचा पुण्याचा उंच मुलगा. त्याचं विमान दुपारी होतं. मी मनातल्या मनात बोटं मोडली. अक्का एकेकाच्या हातावर दही देत होती आणि "जातो म्हणू नको, येतो म्हण" असं शिकवत होती. राजसनं तिच्या पाया पडून चक्क विचारलं, "अक्का, संध्याकाळी पोचलो तर चालेल का?" ती म्हणाली, "तू नीट पोच. बाकीचं माझं मी बघते."

गाड्या गेल्या. अंगण एकदम मोठं झालं. अक्कानं कणग्यांच्या खोलीतून केरसुणी आणली, पायरीवर आडवी ठेवली आणि शेजारी बसून शेंगा सोलायला घेतल्या. मी तिच्याजवळ टेकले.

"अक्का, सौम्या काय म्हणाली ते कळलं ना?"

"कळलं."

"मग?"

"मग काय? सहा जण इथलेच आहेत. बाराच्या आत येतील फोन."

"आणि सातवा?"

तिनं शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "विमला, काम करणार असशील तर त्या चादरी दोरीवर टाक. बसून प्रश्न विचारू नको."

कचेरीत माझ्याशी असं कुणी बोललं असतं तर मी मेमो दिला असता. मी उठून चादरी टाकल्या.

दहा चाळीसला पहिला फोन. "चप्पल काढली? सरी सरी, बरं झालं." अक्का उठली आणि पहिली खोली झाडायला लागली. तिला झाडताना बघणं हा एक सोहळा आहे. आधी कोपरे, मग भिंतीकडून दाराकडे, केरसुणीचा आवाज एका लयीत, आणि शेवटी केर उंबऱ्यापाशी आणून क्षणभर थांबणं. मग सारवण. तिची बोटं जमिनीवर अर्धगोल काढत मागं मागं सरकतात आणि ती स्वतः दाराबाहेर येते तेव्हा आत एकही पाऊल उमटलेलं नसतं. मला लहानपणी त्या ओल्या जमिनीवर पाय ठेवायचा इतका मोह व्हायचा, आणि आईचा धपाटा त्याहून लवकर यायचा. शेणाचा तो ओला वास आला आणि मला उगाच भरून आलं. माझ्या जे. पी. नगरच्या घरात फिनेलचा वास येतो. तीस वर्षं येतोय, आणि मला तो कधी आवडला नाही, हे त्या दिवशी कळलं.

फोन येत गेले. दोन फोन तर एकदम आले, तेव्हा एक मी घेतला आणि त्या मुलीला दटावून विचारलं, चप्पल काढलीस का. एक वाजेपर्यंत सहा खोल्या झाल्या. खिडकीत पाण्याचे माठ, गादीवर घडी केलेली चादर, दाराशी रांगोळीची चार बोटं. सातवीचं दार उघडं, आत राजसचा आठवडा पडलेला. जमिनीवर वाळलेल्या चिखलाच्या खपल्या, एक तुटलेली चपलेची पट्टी, खिडकीत त्यानं हौसेनं घडवलेला मातीचा बैल, त्याचा एक पाय गळून पडलेला.

आम्ही जेवलो. मी अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या शेंगांचं सारू दोनदा घेतलं, पण चव कळली नाही. दोन वाजले. सव्वादोन. सौम्या घरातून दोनदा डोकावून गेली. अक्का सातव्या खोलीच्या पायरीवर येऊन बसली होती, हातात केरसुणी. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. पण मोबाईल तिनं मांडीवर ठेवला होता, आणि दर दोन मिनिटांनी त्यात किती वाजले हे ती बघत होती. त्या मोबाईलकडे बघून मला असह्य झालं. एका खोलीच्या केरासाठी ही बाई आपलं घर घालवणार, आणि मी इथं सारू ओरपत बसणार?

मी माडाच्या आड गेले, माझा फोन कानाला लावला, मोठ्यानं हं हं केलं, आणि परत येऊन म्हणाले, "अक्का, राजसचा फोन होता. तुझा लागत नव्हता म्हणून सौम्यानं माझा नंबर दिलेला. पोचला तो."

"पोचला?"

"हो. चप्पल पण काढली म्हणाला."

अक्कानं मोबाईलवर वेळ बघितली. मग हळूच म्हणाली, "त्याचं विमान तीनला पुण्यात उतरतं. सकाळी त्यानंच सांगितलं मला. आता अडीच वाजलेत, विमला."

बत्तीस वर्षं लोकांच्या खोट्या रजा पकडणारी मी, अशी पकडली गेले. मला वाटलं होतं, हिला विमानाच्या वेळा काय कळणार. शरमेचा राग होतो तसा मला राग आला आणि मी तिच्यावरच ओरडले.

"मग करू काय मी? तीनला ती पोर येईल आणि तुझ्या हातातली केरसुणी काढून घेईल! कळतंय का तुला? कुणाच्या पाठीवर केर काढला म्हणून कोण मेलंय आजवर? काय आहे या केरात एवढं?"

"काही नसेल," ती म्हणाली. "मी कुठं म्हणते काही होतं म्हणून? पण माणूस अजून वाटेत आहे, आणि आपण त्याला झाडून टाकायचं, हे मला जमत नाही. काकींनी ते दाखवलं, तेव्हापासून जमत नाही."

काकी म्हणजे माझी आई.

"आईनं? काय दाखवलं?"

"तुला सांगितलंच नाही कधी कुणी." तिनं केरसुणी खाली ठेवली. "तू हुबळीला गेलीस ना, लग्न होऊन. शहाऐंशी साली."

मी गेले होते. माझं लग्न याच अंगणात झालं. पाठवणीच्या वेळी सगळ्या बायका रडल्या, शेजारची भांडकुदळ गुंडूची आईसुद्धा रडली, आणि माझी आई डोळे कोरडे ठेवून बैलगाडीतल्या ट्रंका मोजत उभी होती. ही गोष्ट मी आजवर कुणाला बोलले नव्हते, नवऱ्यालासुद्धा नाही. तिची एक ब्याद गेली, असं मी तेव्हा समजले, आणि ते समजणं मी अडतीस वर्षं जपून ठेवलं.

"तुला निघताना त्यांनी एक पोस्टकार्ड दिलं होतं," अक्का म्हणाली. "पत्ता स्वतः लिहून. पोचलीस की चार अक्षरं टाक म्हणून."

दिलं होतं. मला एकदम आठवलं. मी ते शालूच्या घडीत ठेवलं, शालू ट्रंकेत ठेवला आणि विसरले.

"तू जिथं साडी नेसलीस ती खोली, आता सौम्याचं ऑफिस आहे ती, ती त्यांनी झाडू दिली नाही. अबोलीचे गजरे पडलेले, अक्षता, बांगड्यांच्या काचा, कुणाचं तरी सांडलेलं कुंकू. दोन दिवसांनी मुंग्या झाल्या. फुलं कुजली. पाहुणे नाक मुरडायला लागले. तुझे वडील चिडले, म्हणाले, हुबळी काय लंकेत आहे? पोचली असेल पोर. काकी म्हणाल्या, असेल म्हणजे काय? कळलंय का? आणि मी झाडीन म्हणून त्यांनी केरसुणी नाचणीच्या कणगीत लपवून ठेवली. मी पंचविशीची होते, मला हसू यायचं. सातव्या-आठव्या दिवसापासून मात्र येईना. त्या पोस्टमनच्या वेळेला नारळाच्या रांगेपाशी जाऊन उभ्या राहायच्या."

"किती दिवस?" मी विचारलं.

"अकरा."

अकरा दिवस. त्या अकरा दिवसांत मी हुबळीत दोन सिनेमे बघितले, नणंदांबरोबर बाजार फिरले, बदामी बघून आले. पोस्टकार्ड मला नवव्या दिवशी सापडलं, शालू उन्हात टाकताना.

"पत्र आलं तेव्हा त्यांनी ते वाचलंसुद्धा नाही," अक्का म्हणाली. "तुझ्या वडिलांच्या हातात दिलं आणि आधी कणगीतून केरसुणी काढली. खोली स्वतः झाडली, सारवली. मग अंघोळ केली. मग म्हणाल्या, आता वाचा, काय लिहिते पोर."

"काय लिहिलं होतं मी?"

अक्का हसली. "तीन ओळी. पोचले. हवा बरी आहे. निळ्या साडीला फॉल लावून पाठव."

मी त्या पायरीवर बसले आणि साठ वर्षांची बाई रडते तशी रडले, नाक पदराला पुसत. अक्कानं मला गप्प केलं नाही. शेजारी बसून राहिली. आई जाऊन एकोणीस वर्षं झाली. ती निळी साडी तिनं खरंच फॉल लावून पाठवली होती, आणि मी फॉलचा रंग जुळत नाही म्हणून उलट पत्र लिहिलं होतं.

वर बघितलं तर सौम्या उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. तिच्या हातात मोबाईल.

"राजसचा मेसेज आलाय," ती म्हणाली. "विमान दोन तास उशिरा आहे. अजून बंगळुरातच बसलाय तो."

तीन वाजले होते. अक्का उठली. कमरेचा सातही खोल्यांच्या चाव्यांचा जुडगा सोडला आणि सौम्यापुढे धरला. "सरी मग. तुझं चुकत नाही, पुट्टी. येणाऱ्या पाहुण्याला स्वच्छ खोली पाहिजेच. उद्या त्या बायका येऊ देत. गिरीराजला मी संध्याकाळी फोन करते."

सौम्यानं हात पुढे केला नाही. ती सातव्या खोलीत बघत होती, त्या चिखलाच्या खपल्यांकडे. मी म्हणणार होते की ही खोली आज मला दे, मी झोपते केरात. पण तिनंच तोंड उघडलं.

"अक्का, मी जर्मनीला गेले तेव्हा?"

"तेव्हा मोबाईल होते की," अक्का म्हणाली. "तू उतरल्या उतरल्या फोन केलास."

"अप्पांना केला. तुला नाही केला."

"त्रिविक्रमाला केलास म्हणजे झालंच."

"अप्पांनी तुला कधी सांगितलं?"

अक्काला खोटं बोलायची सवय नाही. मग जुडग्यातल्या चाव्या उगाच सारख्या करत म्हणाली, "तो गडबडीत होता. तिसऱ्या दिवशी शहरातून इकडे आला, तेव्हा बोलता बोलता म्हणाला."

"आणि तोवर माझी इथली खोली?"

"तुझं काय गं, तुझ्या खोलीत केर तरी कुठं होता? वह्याच वह्या. मीच तिथं दाराशी झोपायचे, उंदीर जाऊ नयेत म्हणून."

पाच वर्षं सौम्या जर्मनीत होती. दर सुट्टीला येऊन परत जायची, आणि दर वेळी पोचल्याचा फोन अप्पांना. तिनं अक्काच्या हातातला जुडगा घेतला. मग तिनं वाकून तो परत अक्काच्या कमरेला अडकवला. तिला तो हूक नीट लावता येईना, आणि अक्का "थांब, थांब, उलटा लावतेस" म्हणून तिलाच शिकवत होती.

फाटकाशी हॉर्न वाजला. नवे पाहुणे चारच्या ऐवजी सव्वातीनलाच आले होते. सौम्यानं चालता चालता एजन्सीला फोन लावला. "कावेरी मेडम, नाळे बरबेडी. होय, उद्या नको. नंतर पण नको." मग ती फाटकाकडे गेली. गाडीतून सहा जण उतरून आपापल्या पिशव्या शोधत होते, आणि सातवी, दिव्यश्री नावाची एक बारीकशी मुलगी, हातात यादी घेऊन विचारत होती की सात नंबरची खोली कुठली.

"दिसतेय ती शेवटची," सौम्या म्हणाली. "पण तुम्हाला थोडं थांबावं लागेल. संध्याकाळ होईल कदाचित. तोवर घरात बसा, माझ्या ऑफिसात. आमचा एक माणूस अजून घरी पोचायचाय."